जॅझच्या छोट्या कोर्सला जाताय? तयारीपासून शेवटच्या मैफलीपर्यंत

एक-दोन आठवड्यांच्या जॅझ कोर्समध्ये दिवसाचे आठ-दहा तास संगीतातच जातात. सकाळी थिअरी, मग कॉम्बो (चार-सात जणांचा छोटा वाद्यसंच), दुपारी मास्टरक्लास, संध्याकाळी शिक्षकांचं वादन, रात्री जॅम (ऐनवेळी जमून एकत्र वाजवणं). नव्याने जाणाऱ्यांची गफलत साधारण एकच असते. आलोच आहोत तर जमतील तेवढ्या स्केल आणि कॉर्ड पदरात पाडून घेऊ, असं म्हणून ते मोकळा वेळ मिळाला की सरावाच्या खोलीचं दार लावून बसतात. स्केल घरीही घोटता येतात. जिवंत बेस, जिवंत ड्रम आणि आपल्यासारखेच चुकणारे आणखी तिघं-चौघं घरी मिळत नाहीत. दिवस कसाही आखा, पण दुसऱ्यांबरोबर वाजवण्याच्या तासांना धक्का लागू देऊ नका. पुढचं सगळं त्याच हिशेबाने लिहिलं आहे.

जाण्याआधीचा महिना

पाच रचना पाठ करा. पाचच, पण पक्क्या. निवडताना प्रकार वेगवेगळे घ्या: एक ब्लूज, एक मायनरमधली, एक मोडल (बराच वेळ एकाच स्केलवर राहणारी), एक ब्राझीलच्या बोसा नोव्हाच्या अंगाची आणि एक संथ बॅलड. ड्यूक एलिंग्टनचं ‘सी जॅम ब्लूज’ सुरुवातीला उत्तम, कारण त्याच्या धुनेत जी आणि सी हे दोनच स्वर आहेत. सगळं लक्ष लयीवर देता येतं. केनी डॉरमचं ‘ब्लू बॉसा’ १६ बारचं आहे (इथे एक बार म्हणजे चार मात्रा), सी मायनरमधलं. ९ ते १२ या चार बारांत ते डी फ्लॅट मेजरमध्ये जाऊन येतं आणि नवखे नेमके तिथेच घसरतात. ‘ऑटम लीव्ज’ ३२ बारचं. आज ते बहुतेक ठिकाणी जी मायनरमध्ये वाजतं, पण जुन्या काही चार्टमध्ये (स्वरलिपीच्या कागदांत) ई मायनरमध्ये आहे, तेव्हा सुरू करण्याआधी पट्टी विचारून घ्यावी. मोडलसाठी ‘सो व्हॉट’: १६ बार डी डोरियन (डी हा सा धरून काफी थाटाचे स्वर), ८ बार ई फ्लॅट डोरियन, परत ८ बार डी डोरियन. बॅलड तुमच्या आवडीची.

पाठ करण्याचा क्रम महत्त्वाचा आहे. तो उलटा धरला की कागद सुटत नाही.

१. रचनेची दोन-तीन वेगवेगळी ध्वनिमुद्रणं ऐका आणि धून तोंडाने म्हणा. वाद्याला हात लावू नका.
२. तीच धून कागद न बघता वाद्यावर काढा.
३. प्रत्येक कॉर्डचा फक्त मूळ स्वर क्रमाने वाजवा, मग गा.
४. प्रत्येक कॉर्डचा तिसरा आणि सातवा स्वर वाजवा.
५. सोलोला इथून पुढे हात घाला.

पाठ झालं का, याची कसोटी सोपी आहे. हाताने दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर टाळी देत मूळ स्वर शेवटपर्यंत म्हणता आले, तर झालं.

मेट्रोनोमची सवयही याच महिन्यात बदलून घ्या. मिनिटाला १२० ची लय हवी असेल तर मेट्रोनोम ६० वर ठेवा आणि त्याचा प्रत्येक ठोका दुसरी किंवा चौथी मात्रा माना. पहिल्या काही दिवसांत आठ-दहा बार गेले की कान फसतो आणि तोच ठोका पहिली-तिसरी मात्रा वाटायला लागतो. असं झालं की ओढूनताणून पुढे जाऊ नका. थांबा, ठोक्यावर मोठ्याने ‘दोन’ म्हणा, मधल्या रिकाम्या जागेत ‘तीन’, पुढच्या ठोक्यावर ‘चार’, मग रिकाम्या जागेत ‘एक’, आणि त्या ‘एक’वर पुन्हा सुरू करा. हे अंगात मुरायला वेळ लागतो, पण कॉम्बोमध्ये ड्रमरची हाय-हॅट (पायाने मिटणारी झांजांची जोडी) नेमकी त्याच जागी पडते, म्हणून हा सराव कुठल्याही स्केलपेक्षा आधी करावा.

पिशवीत काय असावं

पेन नको, पेन्सिल आणि खोडरबर. चार्टवर दर तासाला बदल होतात. कोरी स्वरलिपीची वही, क्लिपवाला ट्यूनर, बंद होणारा फोल्डर. सॅक्सोफोन आणि क्लॅरिनेट वाजवणाऱ्यांनी वाजत्या चार-पाच रीड न्याव्यात, त्यांच्यावर नंबर टाकावेत आणि रोज बदलून वापराव्यात. एकच रीड दिवसभर वापरली की तिसऱ्या दिवशी ती मऊ पडते आणि वरचे स्वर खाली उतरतात. ट्रम्पेटला व्हॉल्व्ह ऑइल. गिटारला तारांचा एक जादा संच आणि स्वतःची केबल. ड्रमरने काठ्यांबरोबर ब्रशची जोडी न्यावीच न्यावी, नाहीतर बॅलड आली की पंचाईत. पियानो, ड्रम आणि डबल बेस बहुधा तिथे असतात, तरी बेसिस्टने आधी विचारून घ्यावं.

गायकांचं सामान वेगळं. ज्या रचना गाणार त्यांची लीड शीट (धून आणि वर कॉर्डची नावं असलेला कागद) आपल्या पट्टीत आधीच लिहून न्या आणि प्रत्येकीच्या तीन प्रती करा: पियानोसाठी, बी फ्लॅट वाद्यांसाठी, ई फ्लॅट वाद्यांसाठी. ‘माझी पट्टी जरा खाली आहे’ एवढ्यावर पियानोवादक काहीच करू शकत नाही. ‘जी मायनर’ म्हटलं की काम सुरू होतं.

पट्टीचा हा हिशेब सगळ्यांनीच पाठ ठेवावा, कारण पहिल्या दिवशी सर्वात जास्त वेळ यातच जातो. पियानो, गिटार, बेस, ट्रॉम्बोन आणि बासरी मूळ पट्टीत बोलतात, म्हणजे लिहिलेल्या आणि ऐकू येणाऱ्या स्वराचं नाव एकच. ट्रम्पेट, टेनर सॅक्स आणि क्लॅरिनेट बी फ्लॅट वाद्यं; पियानोचा एफ म्हणजे त्यांचा जी, पियानोचा बी फ्लॅट म्हणजे त्यांचा सी. आल्टो आणि बॅरिटोन सॅक्स ई फ्लॅट वाद्यं. पियानोचा एफ म्हणजे त्यांचा डी, बी फ्लॅट म्हणजे जी. ‘एफमध्ये ब्लूज’ असं कोणी म्हटलं की ते मूळ पट्टीतच म्हटलेलं असतं. आपल्या वाद्याचा हिशेब ज्याचा त्याने करायचा.

पहिला दिवस: चाचणी

ही पाच-दहा मिनिटांची असते आणि तिचा उद्देश एकच: कोणाला कोणत्या कॉम्बोत बसवायचं. सहसा तयारीची एक रचना, ब्लूजवर थोडा सोलो, थोडं प्रथमवाचन आणि कानाची परीक्षा होते; काही ठिकाणी थिअरीचा लेखी कागदही असतो. सर्वात वाईट चाल म्हणजे येते त्यापेक्षा वेगवान रचना निवडणं. मिनिटाला १२० ते १४० च्या मध्यम लयीतली, नीट येणारी रचना घ्या. धून स्वच्छ वाजवा आणि सोलोत जागा सोडा. शिक्षक स्वरांची संख्या मोजत नाहीत; लय टिकते का आणि रचनेत आपण कुठे आहोत हे कळतं का, हे बघतात. कसंबसं वरच्या गटात गेलात तर पुढचे सगळे दिवस दुसऱ्यांना सावरावं लागतं आणि शिकणं राहून जातं. खालच्या गटात पडल्याचं वाईट वाटून घेऊ नका. तिथे सोलो जास्त वाट्याला येतात.

दिवसाचं वेळापत्रक

ठिकाणाप्रमाणे थोडं इकडेतिकडे होतं, पण सर्वसाधारण दिवस असा जातो: ९ वाजता थिअरी आणि कानाची तयारी, १०.३० ला आपापल्या वाद्याचा वर्ग, १२ ला जेवण, १.३० ते ३.३० कॉम्बो, ४ ला मास्टरक्लास, ५ ते ७ मोकळा वेळ, ७.३० ला शिक्षकांचं वादन आणि ९.३० पासून जॅम.

या मोकळ्या दोन तासांचं काय करायचं हे पहिल्याच दिवशी ठरवून टाका. आमचा सल्ला: ४५ मिनिटं एकट्याने सराव, ४५ मिनिटं कोणा एकाबरोबर जोडीने, आणि उरलेला अर्धा तास वाद्य बंद. जोडीने म्हणजे सॅक्स आणि बेस, किंवा गायक आणि गिटार. दोघांतच वाजवलं की झाकायला काही उरत नाही. लय कोण ओढतंय, फॉर्म (रचनेचा बारांचा साचा) कोण विसरतंय, लगेच दिसतं.

कॉम्बो

कोर्सचा जीव इथे आहे. चार ते सात जण, एक शिक्षक, आणि शेवटच्या दिवशी मंचावर वाजवायच्या दोन-तीन रचना.

आधी बसण्याची जागा. बेस आणि ड्रम शेजारीशेजारी, बेसिस्टला राइड सिंबल (ड्रमरची लय धरणारी मोठी झांज) स्पष्ट ऐकू येईल असे. पियानो असा की पियानोवादकाला बेसिस्टचा हात दिसेल. फुंकवाद्यं अर्धवर्तुळात, भिंतीकडे तोंड करून नाही. आवाजाची पातळी ठरवायला एकच नियम पुरतो: तुम्ही वाजवत असताना बेस ऐकू येत नसेल तर तुमचा आवाज जास्त आहे.

मग रचनेचा आराखडा ठरतो आणि तो पेन्सिलने चार्टच्या डोक्यावर लिहायचा. ब्लूजचा आराखडा सहसा असा: सुरुवातीला चार बार, धून दोनदा, सोलो, ड्रमबरोबर चार-चार बारांची देवाणघेवाण, पुन्हा धून दोनदा, शेवट. धुनेला ‘हेड’ म्हणतात आणि पूर्ण फॉर्मच्या एका फेरीला ‘कोरस’. ब्लूजचा कोरस १२ बारांचा, म्हणजे ४८ मात्रा. १४४ च्या लयीत तो बरोबर २० सेकंदांत संपतो, म्हणून तीन कोरसचा सोलो म्हणजे जेमतेम एक मिनिट. याउलट ६० च्या लयीतली ३२ बारांची बॅलड घ्या: एकच कोरस दोन मिनिटं आठ सेकंद चालतो. अशा बॅलडमध्ये चौघांनी प्रत्येकी दोन कोरस मागितले तर नुसते सोलोच सतरा मिनिटं चालतील, ऐकणारा उठून जाईल. बॅलडमध्ये एकाने अर्धा कोरस घ्यावा, दुसऱ्याने उरलेला, आणि मग थेट मधल्या भागापासून धून धरावी.

ज्या ब्लूजवर तुम्ही बहुतेक सगळे तास घालवणार, त्याची एफमधली जॅझ चाल ही: पहिला बार एफ सेव्हन, दुसरा बी फ्लॅट सेव्हन, तिसरा एफ सेव्हन, चौथ्यात सी मायनर सेव्हन आणि एफ सेव्हन, पाचवा बी फ्लॅट सेव्हन, सहावा बी डिमिनिश्ड, सातवा एफ सेव्हन, आठवा डी सेव्हन, नववा जी मायनर सेव्हन, दहावा सी सेव्हन, अकराव्यात एफ सेव्हन आणि डी सेव्हन, बाराव्यात जी मायनर सेव्हन आणि सी सेव्हन. रॉकमधून येणाऱ्यांच्या हाताला नवव्या बारात थेट सी सेव्हन धरायची सवय असते. सगळे जी मायनरवर असताना एकटाच सी सेव्हनवर राहिला की तो खडा लगेच दाताखाली येतो.

फॉर्म हरवणं सगळ्यांचं होतं. प्रश्न हरवल्यावर काय करायचं याचा आहे. थांबू नका आणि मोठ्याने वाजवून शोधू नका. दोन-चार बार गप्प राहा आणि ऐका. चांगला ड्रमर आठ बार संपताना काहीतरी भरतो, बेस कोरसच्या शेवटी घराकडे वळतो, पियानो मधल्या भागाच्या सुरुवातीला रंग बदलतो. यातली एक खूण मिळाली की परत या. ‘सो व्हॉट’मध्ये हे विशेष अवघड जातं, कारण मागच्या कोरसचे शेवटचे आठ बार आणि पुढच्या कोरसचे पहिले सोळा धरून सलग २४ बार डी डोरियनच चालू असतं. तिथे आठ-आठ बार बोटांवर मोजायला लाज वाटू देऊ नका.

आता एकेका वाद्याचं. बेसिस्टने चालत्या बेसमध्ये (दर मात्रेला एक स्वर) पहिल्या मात्रेवर मूळ स्वर आणि चौथ्या मात्रेवर पुढच्या कॉर्डला अर्ध्या सुराने लागून असलेला स्वर ठेवला की निम्मं काम होतं. उदाहरणार्थ, एफ सेव्हनवरून बी फ्लॅटवर जाताना एफ, ए, सी, बी आणि मग बी फ्लॅट. चुकतं ते इथे: दोन बार छान जमले की बेसिस्ट नक्षीकाम सुरू करतो आणि लय पळते.

ड्रमरने राइड आणि हाय-हॅट सांभाळावी. बेस ड्रमचा पाय ऐकू येण्यापेक्षा जाणवावा इतका हलका. देवाणघेवाणीत ड्रमर चार बारांवर पाचवा बार वाजवतो आणि बाकीचे गोंधळतात, हे जवळजवळ दर कॉम्बोत एकदा होतंच. त्यावर उपाय एकच, ड्रमच्या चार बारांत सगळ्यांनी मनात धून म्हणायची.

पियानो आणि गिटार दोन्ही असतील तर पहिल्या तालमीतच वाटणी करा. दोघांनी एकाच वेळी भरगच्च कॉर्ड दिल्या की चिखल होतो. एकाच्या सोलोमागे एकाने साथ द्यावी, दुसऱ्याने हात मांडीवर ठेवावेत. किंवा गिटारने प्रत्येक मात्रेवर हलका ठोका धरावा, काउंट बेसीच्या बँडमध्ये फ्रेडी ग्रीन धरायचे तसा, आणि पियानोने मोकळ्या जागा भराव्यात. पियानोवादकांसाठी आणखी एक: बेस असताना डाव्या हाताने मूळ स्वर देऊ नका. तिसरा आणि सातवा पुरे.

फुंकवाद्यांना आणि गायकांना वाटतं की आपला सोलो झाला की सुट्टी. दुसऱ्याच्या सोलोत फॉर्म मोजत उभं राहणं हेच तेव्हाचं काम. शेवटच्या हेडवर सगळ्यांना एकत्र यायचं असतं आणि तिथे उशीर झाला की सगळ्या रचनेची रया जाते.

थिअरी आणि कान

वर्गात बरंच काही फेकलं जातं. सगळं उचलू नका. एकच गोष्ट घेऊन घरी आलात तर ती टू-फाइव्ह-वन (पट्टीच्या दुसऱ्या, पाचव्या आणि पहिल्या स्वरावरच्या कॉर्डची साखळी) असू द्या, कारण हजारो रचना तिच्यावर उभ्या आहेत. सी मेजरमध्ये ती डी मायनर सेव्हन, जी सेव्हन, सी मेजर सेव्हन अशी जाते. आता फक्त तिसरे आणि सातवे स्वर बघा. डी मायनर सेव्हनचे एफ आणि सी. जी सेव्हनचे बी आणि एफ. सी मेजर सेव्हनचे ई आणि बी. म्हणजे पहिल्या वळणावर एफ जागचा हलत नाही आणि सी अर्धा सूर उतरून बी होतो; दुसऱ्या वळणावर बी तसाच राहतो आणि एफ अर्धा सूर उतरून ई होतो. दर वेळी एकच स्वर सरकतो, तोही अर्धाच सूर. हे दोन धागे कुठल्याही वाद्यावर आधी लांब स्वरांत वाजवा, मग त्यांच्याभोवती दोन-तीन स्वर फिरवा. सोलो कॉर्डमधून जातोय असं ऐकणाऱ्याला वाटायला इतकं पुरतं. बाराही पट्ट्यांत आठवड्यात होणार नाही. सी, एफ, बी फ्लॅट आणि ई फ्लॅट एवढ्या करा.

हिंदुस्थानी संगीत शिकून आलेल्यांना इथे दोन गोष्टी सोप्या जातात आणि दोन फार छळतात. कानाने उचलणं सोपं. आवर्तनात राहून उपज करणंही सवयीचं. डोरियनचे स्वर काफी थाटाचे, मिक्सोलिडियनचे खमाजचे, लिडियनचे कल्याणचे, ही सांगडही झटकन बसते. अवघड जातं ते सा हलणं. ‘ब्लू बॉसा’त नवव्या बारला सगळं घर अर्ध्या सुराने वर जातं आणि चारच बारांत परत येतं, तानपुऱ्याची सवय असलेला कान ते नाकारतो. यावर उपाय म्हणजे प्रत्येक कॉर्डचा मूळ स्वर सा न मानता स्वरांची पाश्चात्त्य नावं घेऊन गाणं. दुसरी छळणारी गोष्ट सम. प्रत्येक ओळ पहिल्या मात्रेवर नेऊन आपटायची ओढ सुटत नाही आणि सोलो चौकोनी होतो. मुद्दाम असा सराव करा की ओळ चौथ्या मात्रेच्या उत्तरार्धात संपेल आणि पहिली मात्रा रिकामी जाईल. सुरुवातीला जिना उतरताना पायरी चुकल्यासारखं वाटतं.

स्विंगबद्दल शिक्षक तीन भागांची विभागणी सांगतील: मात्रेचे तीन तुकडे, पहिला स्वर दोन तुकड्यांचा, दुसरा एकाचा. मध्यम लयीत हे साधारण बरोबर आहे. लय वाढली की दोन्ही स्वर जवळजवळ सारखे होत जातात, संथ लयीत फरक वाढतो. कागदावरचं प्रमाण घट्ट धरून वेगात वाजवलं की घोड्याच्या टापांसारखं ऐकू येतं. हे मोजून जमत नाही. ध्वनिमुद्रणाबरोबर वाजवूनच जमतं.

ऐकून उतरवणं

दिवसाला आठ बार. जास्त नको. ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसचा ‘सो व्हॉट’मधला सोलो चांगला: २ मार्च १९५९ ला मुद्रित झालेला, दोन कोरसचा, म्हणजे ६४ बार, स्वर कमी, जागा भरपूर, लय मध्यम. रोज आठ बार उतरवले तर आठ दिवसांत पूर्ण होतो.

आधी ओळ गाता आली पाहिजे, श्वासासकट. मग वाद्यावर. मग ध्वनिमुद्रणाबरोबर, मूळ लयीत. लिहून काढणं सर्वात शेवटी, आणि वेळ नसेल तर लिहूच नका. लय कमी करणारं ॲप वापरायला हरकत नाही, पण ७० टक्क्यांच्या खाली नेलं की स्वर कळतात आणि स्विंग हरवतो. इंटरनेटवर तयार उतरवलेला कागद मिळतो; तो फक्त अडल्या ठिकाणी पडताळायला उघडा.

रात्रीचा जॅम

पहिल्या रात्री ऐका, दुसऱ्या रात्री एक रचना वाजवा. तिसऱ्या रात्रीपर्यंत टाळत राहिलात तर मग पाय निघत नाही.

मंचावर गेल्यावर बोलणं थोडकं असतं. ज्याने रचना सुचवली तो नाव, पट्टी आणि अंदाज सांगतो: ‘‘ऑटम लीव्ज’, जी मायनर, मध्यम स्विंग.’ मग मोजणी. मोजणी चुकली की सगळं चुकतं, म्हणून मोजण्याआधी धुनेचा मधला भाग मनात वाजवून बघा. लय तिथून घ्या. सुरुवातीचे बार मनात वाजवले तर उत्साहाच्या भरात लय पुढे जाते. मोजताना दोन बार घ्या: पहिल्या बारात फक्त ‘एक’ आणि ‘दोन’, अर्ध्या गतीने; दुसऱ्यात पूर्ण ‘एक दोन तीन चार’.

हाताच्या खुणा आधीच माहीत असू द्या. डोक्यावर टिचकी म्हणजे धुनेवर परत. चार बोटं म्हणजे ड्रमबरोबर चार-चार बार. मूठ आवळली म्हणजे शेवट. पट्टी बोटांनी सांगतात: खाली केलेली बोटं फ्लॅटची संख्या, वर केलेली शार्पची. एक बोट खाली म्हणजे एफ, दोन खाली बी फ्लॅट, तीन खाली ई फ्लॅट. एक वर म्हणजे जी.

सोलो दोन कोरसचा, जास्तीत जास्त तीन, आणि संपवताना पुढच्याकडे बघा. बघितलं नाही तर दोघंही थांबतात किंवा दोघंही सुरू होतात. एका मंचावर चार सॅक्सोफोन असतील तर एक कोरस पुरे. ज्या रचनेचा फॉर्म येत नाही ती कोणी सुचवली तर सरळ खाली उतरा. फोनवर कॉर्डचं ॲप उघडून चार लोकांमागे उभं राहणाऱ्याला ना वाजवता येतं ना ऐकता. शेवटासाठी एक तोडगा जवळजवळ सगळीकडे चालतो: धुनेची शेवटची ओळ तीनदा. पहिल्यांदा हात वर करून खूण द्या, दुसऱ्यांदा सगळे सामील होतात, तिसऱ्यांदा थांबा.

कान, ओठ, हात

कोर्समध्ये सर्वाधिक नुकसान कानांचं होतं, आणि ते तिथे असताना कळत नाही. अमेरिकेतल्या एनआयओएसएच या संस्थेच्या शिफारशीप्रमाणे ८५ डेसिबलला दिवसाचे आठ तास ही मर्यादा, आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. म्हणजे ९४ ला एक तास आणि १०० डेसिबलला पंधरा मिनिटं. छोट्या खोलीत ड्रम आणि ट्रम्पेटच्या मध्ये बसलात तर ही मर्यादा कॉम्बोच्या तासातच ओलांडली जाऊ शकते. संगीतकारांसाठीचे कानातले बोळे घ्या, जे सगळे सूर सारखेच कमी करतात. फोमचे बोळे वरचे सूर जास्त कापतात. ते घातलेल्या ड्रमरला सिंबल ऐकू येत नाही आणि तो आणखी जोरात मारतो.

ट्रम्पेट आणि ट्रॉम्बोनवाल्यांनी जितकं वाजवलं तितकीच विश्रांती घ्यावी. सकाळी वरचे स्वर काढून ओठ संपवले की रात्रीच्या जॅमला हवाच येते. पियानो, गिटार आणि बेसवाल्यांनी मनगट दुखायला लागलं की थांबावं. दुखणं ‘मोडून काढायची’ जागा हा कोर्स नव्हे. गायकांनी गोंगाटात गप्पा टाळाव्यात, आवाज गाण्यापेक्षा त्यानेच जास्त बसतो. आणि झोप. रोज रात्री दोनपर्यंत जॅम आणि सकाळी नऊला थिअरी हे तीन दिवस जमतं, चौथ्या दिवशी कान बंद होतो. एखादी रात्र अकराला निघा.

शेवटची मैफल आणि नंतरचे दोन दिवस

मैफलीच्या दिवशी नवीन काही करायचं नाही. आराखडा बदलायचा नाही, रीड बदलायची नाही, सकाळी चार तास सराव करायचा नाही. ध्वनिचाचणीत प्रत्येक रचनेची फक्त सुरुवात, एका सोलोतून दुसऱ्यात जाण्याची जागा आणि शेवट करून बघा. चुका याच तीन ठिकाणी होतात. रचनेच्या नावापेक्षा लयीचा आकडा चार्टवर मोठा लिहा, कारण मंचावर सगळ्यांची लय पुढे जाते. वाटेत कोणी फॉर्म सोडला तर बाकीच्यांनी त्याच्यामागे न जाता बेसबरोबर राहावं. हे आधी एकमेकांत ठरवून ठेवा.

तालमींचं ध्वनिमुद्रण करायचं असेल तर शिक्षकांना विचारून फोन ड्रमपासून लांब, पियानोच्या बाजूला ठेवा. ड्रमजवळ ठेवलेल्या फोनमध्ये आवाज फाटतो आणि बेस ऐकूच येत नाही. घरी आल्यावर दोन दिवसांत ही मुद्रणं ऐका, उशीर केला तर कोणत्या ठिकाणी शिक्षक काय म्हणाले होते ते विसरायला होतं. ऐकताना स्वतःचा सोलो शेवटी ऐका. आधी बेस आणि ड्रम काय करत होते ते ऐका, मग तुमच्या मागे साथ करणारा काय सुचवत होता ते, आणि मग वहीत तीनच नोंदी करा: एक लयीची, एक फॉर्मची, एक स्वरांची. वर्गात मिळालेले कागद फोल्डरमध्ये तसेच राहू देत; पुढचा महिना या तीन नोंदींवर काम करा, आणि कोर्समधला जो कोणी जवळपास राहतो त्याच्याबरोबर आठवड्यातून एकदा, जोडीने.